भावाचा उपास

माझा धाकटा भाऊ सतरा वर्षं फौजेत होता. परत आला तेव्हा हातपाय धड होते, पेन्शन सुरू झाली होती. नातेवाइकांना वाटलं, सुटला. तो आईबरोबर बदलापूर गावात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. मी अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे राहते, पडदे शिवते आणि आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे चक्कर मारते.

पहिल्या वर्षात तो दोनदा घरातून निघून गेला. भांडण नाही, चिठ्ठी नाही. दुसऱ्या खेपेला चौथ्या दिवशी वांगणीच्या पुढे सापडला, रुळांपासून दहा पावलांवर, उकिडवा बसलेला.

"इथे काय करतोयस?" मी विचारलं.

"बसलोय."

त्याला रिक्षात घातलं तेव्हाच मी मनाशी धरलं की तिसऱ्या खेपेला हा सापडणार नाही.

डॉक्टर होते, गोळ्या होत्या, आजही आहेत. पण आवाजांवर गोळी नसते. कुकरची शिट्टी झाली की तो भिंतीला पाठ लावायचा. गावात लग्नसराईत हळदीला भरदुपारी डीजे लागतो, खिडक्यांच्या काचा थरथरतात. तेव्हा तो मोरीत जाऊन दार लावून बसायचा आणि डीजे बंद झाल्यावरही तासभर बाहेर यायचा नाही. आई दाराबाहेर स्टूल टाकून बसायची.

पडद्याचं अस्तर आणायला मी उल्हासनगरला जाते. एकदा त्याला ओझं उचलायला बरोबर नेलं. कापडाच्या दुकानाच्या शेजारी पाळीव प्राण्यांचं दुकान आहे. मी कापड मोजून घेऊन बाहेर आले तर हा तिथल्या एका काचेच्या पेटीसमोर उभा. आत मनगटाएवढा जाड, तपकिरी-काळा, गोळा होऊन बसलेला साप. बॉल पायथन म्हणे, परदेशी जातीचा लहान अजगर.

दुकानदार सिंधी, पोट सुटलेला, बोलका. "दीदी, डरो मत. ये मेरी सास से कम खतरनाक है."

"हा आवाज करतो?" भावाने विचारलं. तीन दिवसांत त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य.

"साईं, कुत्ता भौंकता है, तोता गाली देता है. ये कुछ नहीं बोलता. और वो नहीं, मादी है."

वनखात्याकडे नोंदणी करावी लागते, ती मीच मोबाइलवरून केली. मला साप आवडत नाहीत. पण मोरीपेक्षा साप बरा, असा माझा हिशेब होता.

आईचा विरोध फ्रीजपुरता टिकला. अजगराचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. "माझ्या कोलंबीशेजारी मेलेला उंदीर ठेवतोस व्हय रं? उद्या कालवणात पडला तर?" भावाने उंदरांसाठी वेगळा डबा आणला आणि त्यावर लाल पट्टी चिकटवली. किती दिवसांनी खायला दिलं, कधी विष्ठा केली, पेटीत किती तापमान आहे, सगळं वहीत लिहू लागला. दिवसातून तीनदा तापमान बघायचं म्हणजे घरात असावंच लागतं. मला तेवढं पुरेसं होतं.

घर मात्र बदललं. खिडक्या बंद, हवा उबदार आणि जड. सापाला जमिनीतून पावलं कळतात म्हणून भाऊ पाय न वाजवता चालू लागला. नंतर आईही तशीच चालू लागली. एकदा मी आत येऊन पंधरा मिनिटं गवार मोडत बसले होते. मान वर केली तर तो माझ्यासमोर, दोन हात अंतरावर, भिंतीशी बसलेला. पूर्ण वेळ तिथेच होता. गळ्याभोवती वेटोळं घालून ती. दोघंही माझ्याकडे बघत होते आणि दोघांचीही पापणी हलत नव्हती.

"अरे, बोलायचं ना," मी म्हटलं.

"कशाला? तू कामात होतीस."

पुढच्या लग्नसराईत डीजे लागला तेव्हा मी तिथेच होते. त्याने पेटी उघडली, तिला हातावर घेतलं आणि पलंगावर बसला. प्रत्येक ठोक्याला ती त्याच्या मनगटाला आवळत होती. बोटं पांढरी पडली. "ती घाबरलीय," तो म्हणाला, "मला हलून चालणार नाही." दोन तास तो हलला नाही, मोरीतही गेला नाही. आईने चहाची कपबशी शेजारी ठेवली, तर कप बशीत टकटक वाजत राहिला. घरात तेवढीच एक वस्तू जिवंत असावी असं मला वाटून गेलं.

असं दीड वर्ष गेलं. मग मागच्या श्रावणात पंचमी आली.

आमचं मूळ साताऱ्याकडचं. तिकडे नागाला भाऊ मानतात. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपास करतात आणि पंचमीला नाग पुजतात. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही. मी देवधर्मातली नाही, पण हा उपास सोडलेला नाही. पंचमीला सकाळी मी पोचले तेव्हा आई दिंडं उकडत होती, म्हणजे पुरणाच्या वाफवलेल्या घड्या.

अजगर त्या आठवड्यात कात टाकायला आला होता. कातीआधी सापाचे डोळे दुधाळ निळे होतात, त्याला नीट दिसत नाही, हात लावलेला खपत नाही. भावाने आम्हाला बजावलं होतं. मला समजलं. आईला एवढंच समजलं की घरातला नाग आंधळा झाला, तोही पंचमीच्या तोंडावर.

भाऊ आंघोळीला गेला. मी दुधाची पिशवी आणायला कोपऱ्यापर्यंत गेले. तेवढ्यात आईने शेजारच्या दोघींना बोलावलं, पेटीचं झाकण सरकवलं, हळदकुंकू वाहिलं, लाह्या टाकल्या आणि वाटीभर दूध आत ठेवलं. सापाने फुत्कार टाकला. तिघी किंचाळत अंगणात. झाकण उघडंच.

मी परतले तेव्हा अंगणात दहा-बारा माणसं आणि पेटी रिकामी. दोन पुरुषांच्या हातात काठ्या होत्या, पण उचलत कोणीच नव्हतं. "आज पंचमी आहे, मारायचा कसा?" एक जण दुसऱ्याला विचारत होता. दुसरा म्हणाला, "मग उद्यापर्यंत धरून ठेव त्याला."

आई मला म्हणाली, "मी तुझ्या भावाचंच मागितलं गं तिच्यापाशी. दुसरं काय नाय."

भाऊ ओल्या केसांनी बाहेर आला. पेटी बघितली. ओरडला नाही. त्याचा चेहरा वांगणीला होता तसा झाला. ती गेली तर हा आज जाणार, हे मला दिसत होतं.

मी फ्रीजच्या मागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, ट्रंका ओढल्या. तो म्हणाला, "ताई, थांब. सगळ्यांना लांब पाठव. आईला पण."

मग त्याने पेटीचा दिवा बंद केला, फ्रीजचा प्लग काढला, गॅसवरची दिंडं बाहेर ठेवायला लावली. सदरा काढला आणि खोलीच्या मधोमध थंड लादीवर उताणा झोपला.

"हे काय?"

"तिला डोळ्यांनी दिसत नाही आता. ऊब दिसते. खोलीत ऊब फक्त माझी राहिली पाहिजे. तू उंबऱ्यावर बस. हलू नकोस."

मी बसले. बाहेर पावसाची रिपरिप, आत काळसर उजेड. अर्ध्या तासाने मला त्याची छाती हलताना दिसेना. डोळे उघडे, छताकडे. मी एका जागी नजर ठेवून पाहिलं, बरगड्या मोजल्या. काही हललं नाही. हाक मारायची नव्हती. दुपारचा एक वाजला, दोन वाजले. लादीवर माझा भाऊ झोपलाय की नुसतं त्याचं अंग ठेवलंय, हे मला खरोखर सांगता आलं नसतं. लादीवर पडलेल्या लाह्यांना मुंग्या लागल्या. एक मुंगी त्याच्या गालावरून डोळ्याच्या कडेपर्यंत गेली आणि परत वळली.

अडीचच्या सुमारास माझ्या पायाला काहीतरी गार, कोरडं लागलं.

ती माझ्या शेजारच्या दारामागून बाहेर येत होती. इतका वेळ माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. पाऊल ओलांडताना थांबली, जीभ काढली. डोळे खडूसारखे, डोक्यावर हळदीचा ओला डाग. मी पाय हलवला नाही. मग ती माझ्यावरून उतरून सरळ त्याच्याकडे गेली, कमरेवरून छातीवर, आणि गळ्याशी गोळा झाली.

त्याने पापणी मिटली.

"आली," तो म्हणाला. आवाज घोगरा होता. "ताई, दारामागे पिशवी आहे. त्यात टॉवेल आहे. ओला करून आण, हळद पुसायला हवी."

दारामागे सैन्यातली हिरवी पिशवी होती, धुळीने भरलेली. आत दोन सदरे, एक पँट, टॉवेल, ओळखपत्र. औषधाच्या गोळ्या नव्हत्या.

"ही कधी भरलीस?"

"वांगणीहून आणलंस ना, त्याच दिवशी."

"आणि तेव्हापासून अशीच आहे?"

"हो."

मी टॉवेल ओला करून त्याच्या हातात दिला. तो पडल्या पडल्या तिच्या डोक्यावरून हळद टिपू लागला, एकेका खवल्यावरून. मी त्याला न विचारता पिशवी रिकामी केली, सदरे झटकले आणि कपाट उघडलं. तो बघत होता. मला वाटलं, आता नको म्हणेल.

"वरच्या कप्प्यात ठेव," तो म्हणाला. "खालच्यात तिचं सामान आहे."