मुदत उलटलेलं पाकीट

चूक माझीच होती, आणि ती दसऱ्याच्या साफसफाईत झाली. अंधेरीतल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दसऱ्याला मशीनना झेंडूचे हार घालतात, म्हणून आदल्या दिवशी फ्रिजसुद्धा पुसून काढतात. जुन्या जेलच्या पाकिटांचा खोका भिजून फाटला होता. घरी आपण बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे ठेवतो, तशी मी ती पाकिटं नव्या जेलच्या दणकट खोक्यात भरून टाकली. वर काही लिहायचं राहून गेलं.

जेल म्हणजे खरवसासारखी थरथरणारी एक पातळ वडी. तिच्यात प्रोटीनचा थेंब सोडून वीज चालू केली की प्रोटीन आकाराप्रमाणे खाली सरकतं आणि रंगवल्यावर त्याची पट्टी दिसते. मुदत संपली की पट्ट्या फिसकटतात, म्हणून तसली पाकिटं आम्ही नवख्यांच्या सरावाला ठेवायचो.

माझ्याबरोबर पीएचडी करणारी मैत्रीण तेव्हा बाळंतपणासाठी दहिसरला माहेरी गेली होती. चार महिने खपून तिनं कोळंबीतून एक प्रोटीन वेगळं काढलं होतं. आता ते जेलवर एकदा लावण्यापुरतंच उरलं होतं. एकच पट्टी आली, म्हणजे प्रोटीन शुद्ध निघालं, तर तिचा प्रबंध पुढे सरकणार, नाहीतर सगळं पहिल्यापासून. "नीट लाव गं, नाहीतर माझी वाट लागेल," असं सांगून ती गेली होती.

त्या दणकट खोक्यातलं एक पाकीट फोडून मी थेंब सोडला, वीज चालू केली, आणि रिकामं पाकीट कचऱ्यात टाकताना त्यावरची तारीख वाचली. मुदत संपून अकरा महिने झाले होते. शेजारच्या टेबलावर आमच्या मॅडम पेपर तपासत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "चाललंय ना नीट?"

"हो मॅडम," मी म्हणाले. मग तासभर थेंबात मिसळलेल्या रंगाची निळी रेघ खाली उतरताना बघत स्वतःला शिव्या घालत बसले.

जेल रंगवून जादा रंग धुऊन निघाला तेव्हा पट्टी एकच होती. कडेला जरा वाकडी, पण एकच. मी ती दिव्यावर धरून तीनदा पाहिली आणि खुर्चीत बसकण मारली. इतकं हायसं मला माझ्या स्वतःच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. वहीत जेलची खरी तारीख लिहिली आणि वही मॅडमपुढे ठेवली. "खोक्यावर लिहायला काय होतं?" एवढंच त्या म्हणाल्या.

मैत्रिणीला फोन लावला.

"पट्टी एकच ना?"

"एकच."

"मग रडतेस कशाला?"

मी तिला खोक्यापासून सगळं सांगितलं.

"मी असते ना, तर तारीख बघून घाबरून बंदच केलं असतं," ती म्हणाली. "सगळं फुकट गेलं असतं. तू धीराची आहेस, यार."

बंद केलं असतं तर मॅडमनी कारण विचारलं असतं, म्हणून मी बंद केलं नव्हतं. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.