पाच नावांत चौदा माणसं

नोव्हेंबरातला पहिला सोमवार. हातातलं काम : लिफ्ट-देखभालीचे जुने करार कपाटातून काढायचे, स्कॅन करायचे आणि इंटरनेटवरच्या सामायिक फोल्डरमध्ये चढवायचे.

आमची कंपनी गुडगावातल्या नव्या टॉवरांच्या लिफ्ट सांभाळायची. टॉवर इतक्या घाईने उभे राहत होते, की काही ठिकाणी बिऱ्हाडं यायच्या आधीच लिफ्ट बंद पडल्याची तक्रार यायची. आमचे साहेब माझ्यापेक्षा बरेच लहान. कुठल्याशा सेमिनारहून आले आणि म्हणाले, "मॅडम, अब सब ऑनलाइन. कौन क्या कर रहा है, सबको दिखेगा."

"सबको म्हणजे किसको?" मी विचारलं.

ते नुसतेच हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

पडद्यावर प्रत्येक कामाची एक चौकट. तिच्यावर करणाऱ्याचं नाव. काम झालं की टिचकी मारायची, चौकट उजवीकडे सरकायची. नावाशेजारी हिरवा ठिपका, म्हणजे माणूस जागेवर आहे. मी चहाला उठले की ठिपका करडा होईल, ही धास्ती. आठवड्याभरात मी चहा टेबलावर मागवायला लागले आणि स्वतःवरच चिडले. सामायिक फोल्डरचंही तेच. मी केलेला करार माझ्यामागे कोण उघडतंय, का उघडतंय, कळायला मार्ग नव्हता.

त्यात फुकट खाती मिळत होती पाच. ऑफिसात माणसं चौदा. साहेबांनी हात झटकले, "पाँच में ॲडजस्ट कर लो ना, यार." ॲडजस्ट झालं. एक साहेबांचं, एक हिशेबाचं, एक विक्रीचं, एक वर्कशॉपचं आणि सर्व्हिस विभागाचं माझ्या नावाने.

सर्व्हिस विभाग म्हणजे मी आणि शेजारच्या टेबलावरची अमरावतीची बाई. मी दिल्लीत आर. के. पुरमला राहायची, ती जवळच लक्ष्मीबाई नगरला. एकाच कॅबने जायचो-यायचो. मुलांपायी अनेक वर्षं घरी बसून तिला ही नोकरी मिळाली होती, तीही वर्षाच्या कराराने, आणि तो करार महिनाअखेरीस संपत होता. मी सोसायट्यांशी करार करायची. तक्रार आली की कुठला मेकॅनिक कुठे पाठवायचा, हे सगळं ती बघायची. दिवसभर फोन आणि टिचक्या. टिचक्या अर्थात माझ्या खात्यातून.

"ताई, माझं सगळं तुमच्या नावावर जमा होतंय हं. पुण्य लागेल तुम्हाला."

"फुकटच्या पुण्याची मला भीती वाटते," मी म्हटलं.

एका गुरुवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर आलेख होता. माझ्या नावाचा खांब बाकीच्यांच्या डोक्यावरून वर गेलेला.

"मॅडम, आप तो मशीन हैं!"

कौतुक झालं की मी खुर्चीत सरळ बसते. पुढचं वाक्य आलंच : "सर्व्हिस आप अकेली संभाल रही हैं. फिर दूसरी सीट का कॉन्ट्रॅक्ट रिन्यू क्यों करें?"

मी सांगितलं, खातं दोघींचं आहे, तुम्हीच तसं ठरवलंत, यातलं निम्म्याहून जास्त काम तिचं आहे.

साहेब मागे रेलले. "आप दोनों मराठी, साथ आना-जाना. मैं समझता हूँ. लेकिन सिस्टम झूठ नहीं बोलता."

इतके दिवस मी यंत्रावर संशय घेत होते. आता साहेब माझ्यावर घेत होते, आणि यंत्र त्यांच्या बाजूने होतं.

संध्याकाळी कॅबमध्ये मी तिला सगळं सांगितलं.

"पुन्हा कोण घेणार हो मला या वयात? हीच कशीबशी मिळाली."

"उद्या नेहमीसारखं काम कर. काम झालं की लगेच टिचकी. एकही राहायला नको."

"आणि तुम्ही?"

"मी सुट्टीवर."

"अहो ताई! एकटीला टाकून? आणि साहेबांनी विचारलं तर काय सांगू?"

"जे आहे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरचं आवरलं, ऑफिस सुरू होऊन तास-दीड तास जाऊ दिला आणि साहेबांना फोन लावला.

"सर, मैं आज छुट्टी पर हूँ. घर में कंप्यूटर नहीं है. ज़रा स्क्रीन खोलिए, मेरा नाम क्या कर रहा है देखिए."

माउसचा आवाज आला. मग ते हळूच म्हणाले, "अच्छा... अभी-अभी एक और हो गया."

"जो कर रही है, उसको बुलाइए. मैं फोन पर हूँ."

त्यांनी तिला हाक मारली. दार उघडल्याचं ऐकू आलं, मग तिचा आवाज : "सर, ज़रा जल्दी बोलिए, एक टॉवर में लिफ्ट अटकी है, आदमी अंदर है."

"नहीं नहीं, आप जाइए, पहले वो देखिए," साहेब म्हणाले. मग फोनवर मला, "मॅडम, उनका कॉन्ट्रॅक्ट आप ही बना दीजिए."

"सोमवारी सहीला आणते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.