धुऱ्यावर उतरणारा चौकीदार

आमच्या गावाबाहेरच्या नव्या धावपट्टीवर मी विमान कधी पाहिलं नाही. पाहिला तो चौकीदार. जिनिंग गिरणीच्या जुन्या बेअरिंगांवर फळी ठोकून तो तिच्यावर उभा राही आणि एका पायानं रेटा देत, डांबरावरून तरंगत जाई. मध्येच उतरे, फळी काखेत मारून चार पावलं चाले, पुन्हा चढे.

"इथंच काऊन उतरता, भाऊ?"

"माह्या वावराचा धुरा हाय इथं. धुऱ्यावरून चाकं कशी जातीन?"

वावर बांधासकट धावपट्टीखाली गेलं होतं. राखण मात्र त्याच्याकडेच राहिली होती.

मी विषय बदलला. "औंदा विमानं किती उतरली?"

त्यानं वाकून डांबरावर हात फिरवला.

"एकबी नाई. पण जमीन चांगली हाय, बापा. एखादं उतरन."