तिच्या पहिल्या कॅसेटचा इंजिनियर

होय, आमच्या बमरोली या कामगारवस्तीतल्या पहिल्या रॅप कॅसेटचा रेकॉर्डिंग इंजिनियर मीच! पदवी माझी मीच घेतली होती, कारण आमच्या गल्लीत दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर माझ्या एकट्याकडे होता आणि त्याहून मोठं माझं तोंड होतं.

गाणारी आमच्या शेजारची. एकोणीस वर्षांची, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात सुताच्या बॉबिनी भरायची. गाणारी तरी कसं म्हणू? ती तालावर बोलायची. केबलवर परदेशी पोरं धडाधड बोलताना पाहून म्हणाली, "एवढं तर मी आईशी भांडतानाच बोलते!" मग अहिराणीत स्वतःची आठ गाणी रचली. नळावरची भांडणं, मुकादमाची मिशी, मुलगी बघायला येऊन नुसते पोहे खाऊन जाणारे पाहुणे. कॅसेट कंपनी नाही, बाजा नाही. ताल मात्र लूमचाच हवा, हा तिचा हट्ट.

"भाऊ, माझा आवाज एकदा तरी या खडखडाटाच्या वर गेला पाहिजे."

शेठ लग्नाला गेलेला. भर दुपारी, चालू लूमच्या मधोमध मी माईक धरून उभा राहिलो. आता, आम्ही लूमवाले कामावर कानांनी ऐकतच नाही, समोरच्याचे ओठ वाचतो. सवय अशी की आपण ऐकत नाही, हेच विसरून जातो. मला तिचा शब्दन् शब्द कळला. मुकादमाच्या मिशीला मी इतका हसलो की माईक हलला. टेपवरचा काटा तर नुसता नाचत होता. झकास! घरी येऊन दुप्पट वेगानं तीस कॉप्या काढल्या. एकही ऐकली नाही. इंजिनियर कशाला ऐकेल?

रविवारी गोडादरा वस्तीत चहाच्या टपरीवर सगळे गाववाले जमवले. ती नवा ड्रेस घालून आली. मी भाषण ठोकलं आणि बटण दाबलं.

खडखडखडखड.

पुढे ढकलली, खडखड. बाजू बदलली, खडखड.

"अरे, हाई त आम्ही रोज बारा तास आयकतस, फुकटमा!" टपरीवाला ओरडला. हशा पिकला.

तिनं हळूच विचारलं, "भाऊ, मी कुठंय यात?"

चूक माझी होती, आणि ती मला त्याच क्षणी कळली होती. मी खांदे उडवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुझा आवाजच बारीक, त्याला मशीन काय करणार?"

लगेच माना डोलल्या. तिची मावशी म्हणाली, "पोरीचा आवाज तो, लूमपुढे किती टिकणार?" तिनं तिसाच्या तीस कॅसेटी ओढणीत गोळा केल्या आणि निघून गेली.

खडखडाटाचा किस्सा मी पुढे बैठकी-बैठकीत हातवारे करून रंगवला. खांदे उडवल्याचं मात्र दरवेळी गाळलं.

दोन महिन्यांनी तिनं कुणाचा तरी टेप मागून कॅसेट पुन्हा भरली. दारं-खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, पत्र्याच्या पेटीवर ताल आईनं धरला. मला कुणी कॉपी दिली नाही. न्हाव्याच्या दुकानात, गालाला फेस लावून बसलो असताना ती लागली. आवाज खणखणीत. अख्खं दुकान हसत होतं. मुकादम झाला, पाहुणे झाले. आता गाण्यात माझा नंबर, म्हणून मी खुर्चीत अंग चोरून बसलो. पहिली बाजू संपली. दाढीही झाली होती.

"दुसरी बाजू लाव ना," मी म्हणालो.

तीही संपली. माझ्यावर एक ओळसुद्धा नव्हती.