आधी उलट

आमच्या अरुंद गल्लीत समोरच्या शैलाताई मोटारसायकल एका दमात वळवतात. पाय टेकतच नाहीत. उजवीकडे वळायचं असलं, की आधी हँडल किंचित डावीकडे देतात. गाडी आपसूक उजवीकडे कलते आणि गर्रकन फिरते. मी तिथेच चपला घासत माझी गाडी तीनदा मागेपुढे करतो. "सोपं आहे हो भाऊजी, आधी उलट द्यायचं," त्या हसत म्हणाल्या, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. मी जन्मभर हव्या त्या गोष्टीच्या अंगावर सरळ धावलो. क्षणभर तिच्यापासून दूर जायचा धीर कधी झालाच नाही. बायको खिडकीतून त्यांचं वळण कौतुकानं बघते. हल्ली मी गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावतो. चालणं तब्येतीला बरं, असं घरी सांगतो.