अप्पांचं अध्यक्षीय भाषण

माझ्या धाकट्या भावाने बेंगळुरातल्या कंपनीची नोकरी सोडली आणि डोक्यावर अंबाडा बांधून तो धारवाडला अप्पांच्या घरी परत आला. अप्पा म्हणजे आमचे वडील. सगळी हयात कालव्यांवर इंजिनियर म्हणून घालवून निवृत्त झालेले. त्यांनी अंबाड्याकडे नीट पाहून घेतलं आणि मला फोन लावला. मी हुबळीला विद्यानगरात राहते, कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि घरात काहीही उपटलं की पहिला फोन मलाच येतो.

"केस कापायचे राहिलेत, की ठेवलेत?" अप्पांनी विचारलं.

"ठेवलेत, अप्पा."

"असू दे. डोकं त्याचं," ते म्हणाले आणि विषय संपला.

माझ्या भावाचा विषय मात्र नुकता सुरू झाला होता. बेंगळुरात त्याला शोध लागला होता की आपण सगळे साच्यात अडकलोय. शाळा साचा, नोकरी साचा, लग्न साचा, आणि गाण्याची बैठकसुद्धा साचाच, कारण त्यात गाणारा एकीकडे आणि ऐकणारे दुसरीकडे बसतात. हे तो मला सांगत होता तेव्हा मी त्याच्यासाठी चपात्या लाटत होते. लाटणारी एकीकडे आणि खाणारा दुसरीकडे, या साच्याबद्दल तो काही बोलला नाही.

उन्हाळ्यात त्याने अप्पांपुढे विषय काढला. कलघटगी रस्त्याला आमची आंब्याची बाग आहे. तिथे त्याला बेंगळुरातल्या मित्रमंडळींना बोलवायचं होतं. चित्रं, संगीत, कविता, जे ज्याला सुचेल ते.

"अप्पा, बागेत एक गॅदरिंग करायचंय."

अप्पांचा चेहरा उजळला. नोकरीत असताना तालुक्यातल्या शाळांच्या गॅदरिंगला ते दरवर्षी अध्यक्ष असायचे. 'पाणी आणि शिस्त' या विषयावर त्यांचं एक भाषण होतं, जे सगळ्या शाळांनी ऐकलं होतं.

"करूया की," ते म्हणाले. "अध्यक्ष कोण?"

"अध्यक्ष वगैरे नाही, अप्पा. आपल्याला सगळं स्ट्रक्चर मोडायचंय."

"कुठलं? पंपाची शेड?" अप्पा दचकले. "ती मोडू नको रे, ती परवाच रंगवलीय."

मग भावाने एक पत्रक छापलं. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: मंच नाही, माईक नाही, मुख्य पाहुणा नाही. अप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. पोराची फार अडचण झालीय आणि संकोचाने तो तोंडाने सांगत नाहीये, असं त्यांना वाटलं. त्यांनी कुणालाही न विचारता जुन्या हुबळीतल्या पेंडॉलवाल्याला निरोप धाडला.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दुपारीच बागेत पोचले. बेंगळुराहून पाहुणे आलेले होते. सगळ्यांचे कपडे चुरगळलेले होते आणि ते मुद्दाम चुरगळून घेतले असावेत, कारण सगळ्यांच्या चुण्या एकसारख्या होत्या. बसायला भावाने गोणपाटं अंथरली होती. ती खताची होती. मातीचा वास किती खरा असतो, असं एकजण डोळे मिटून म्हणाला. तो युरियाचा वास होता, पण मी त्याचा आनंद घालवला नाही.

या सगळ्यांची प्रमुख एक तरुण बाई होती. ती स्वतःला क्युरेटर म्हणवायची. म्हणजे कुणी काय करायचं ते तीच ठरवायची, फक्त ठरवते असं म्हटलेलं तिला चालायचं नाही. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि तुम्ही काय करता, असं विचारलं. शिकवते, म्हटल्यावर तिने सहानुभूतीने मान हलवली.

कार्यक्रम सुरू झाला होता, पण ते कुणी सांगितल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं. एक मुलगी एका मडक्यातली माती दुसऱ्या मडक्यात ओतत होती आणि दुसऱ्यातली परत पहिल्यात. बाजूला एक कवी आंब्याच्या बुंध्याला कविता ऐकवत होता. लोक हळूहळू मान डोलवत होते. आमच्याकडे मान डोलवायची म्हणजे आधी तान समेवर यावी लागते. इथे ती अट नव्हती.

एवढ्यात टेम्पो आला. त्यातून फळ्या उतरल्या, लाल मखमलीच्या खुर्च्या उतरल्या, स्पीकर उतरले. मागच्या गाडीतून अप्पा उतरले, कोट घालून. त्यांच्याबरोबर त्यांचे मित्र होते, कन्नड शाळेचे निवृत्त हेडमास्तर. हे मुख्य पाहुणे.

भाऊ माझ्याकडे धावत आला. "अक्का, हे काय केलं अप्पांनी! थांबव की त्यांना."

"तू थांबव. गॅदरिंग तुझं आहे."

तो थांबवायला निघाला, तेवढ्यात ती क्युरेटर बाई त्याच्याजवळ आली. पेंडॉलवाले मंच ठोकत होते, आणि ती छातीवर हात ठेवून ते बघत होती. "हे फार धारदार आहे," ती म्हणाली. "मंच नाही म्हणायचं आणि लोकांच्या डोळ्यांदेखत मंच बांधायचा! कुणाची कल्पना?"

माझ्या भावाने अप्पांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "माझीच, म्हणजे साधारण," तो म्हणाला.

मग अप्पांनी साग्रसंगीत कार्यक्रम केला. माईकवर फुंकर मारली. दीपप्रज्वलन झालं. स्वागत त्यांनीच केलं, पाहुण्यांची ओळख त्यांनीच करून दिली. "बाहेरगावच्या भगिनीचा सत्कार" म्हणून क्युरेटर बाईला वर बोलावून शाल पांघरवली आणि हातात नारळ दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नारळाचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून तिने तो तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला. मागे खुर्चीत हेडमास्तर झोपी गेले होते. ते बराच वेळ हलले नाहीत, आणि पुढे बसलेल्या एका दाढीवाल्याने त्यांचं चित्र काढायला घेतलं.

मग अप्पांचं भाषण झालं. पाणी आणि शिस्त. शाळेत बोलायचे तसंच ते बोलले. "पाणी कुणाच्या ओळखीने वाहत नाही, उताराने वाहतं. आधी उतार बघा, मग तोंड उघडा, मी कालव्याचं म्हणतो आहे." हशा. "मागचे उभे राहा. ऐकू येतंय का? बसा." सगळे उभे राहिले, सगळे बसले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. गाडीत बसताना अप्पा घामाने डबडबले होते आणि फार खुशीत होते. "पोरं विचित्र आहेत, पण लक्ष देऊन ऐकतात," ते म्हणाले. "शाळेतली ऐकत नव्हती."

त्या मंडळींना वाटलं होतं की अप्पा नट आहेत. सरकारी सभांची टिंगल करणारा एक म्हातारा नट, चेहऱ्यावरची रेषही हलू न देणारा. भावाने मला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि लगेच म्हणाला, "अप्पांना बोलू नको. खूश आहेत ते."

मी बोलले नाही. अप्पा खूश होते हे खरंच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात बेंगळुराहून आमंत्रण आलं. तिथल्या उत्सवात अप्पांनी तेच भाषण करावं. अप्पांनी कोट धुवून आणला आणि मला बरोबर घेतलं. भाऊ आधीच जाऊन थांबला होता.

कार्यक्रम एका बंद पडलेल्या कारखान्यात होता. भिंतींचे पापुद्रे निघालेले होते, ते तसेच ठेवून त्यावर दिवे सोडले होते. बाहेर उन्हाळा असून आत गारठा होता. अप्पा भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "ओल वरून येतीय. छप्पर बघायला हवं." शेजारून जाणारे दोघेजण हसले. मला तिथूनच बरं वाटेना.

मंचावर आमच्या गावात असतं ते सगळं मांडलं होतं. लाल मखमलीची खुर्ची, टेबलावर झालर, पाण्याचा तांब्या. फक्त सगळं जरा जास्त लाल होतं. अप्पांना त्यात काही गैर दिसलं नाही. आपल्यासाठी एवढी तयारी केलीय, हे पाहून ते गहिवरले.

आणि गहिवरले म्हणूनच असेल, ते नेहमीचं भाषण सोडून बोलायला लागले. सुरुवातीचं उताराचं वाक्य झालं, हशा झाला. मग ते म्हणाले की आज मोठ्या शहरातल्या शिकलेल्या लोकांपुढे मला एका माणसाबद्दल सांगायचं आहे. कालव्याच्या दरवाजावर ड्युटीला एक माणूस होता. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. पूर आला तेव्हा दरवाजा अडकला होता. वरचा बांध फुटला असता तर खालची वस्ती गेली असती. अण्णा दरवाजावर चढला.

"मी काठावर उभा होतो," अप्पा म्हणाले. "त्याला खाली ये म्हणून ओरडत होतो. तो म्हणाला, साहेब, तुम्ही आधी कोट काढा, भिजतोय."

लोक हसले. इतके हसले की अप्पांना थांबावं लागलं.

"दरवाजा उघडला," अप्पा म्हणाले. "अण्णा राहिला नाही."

पुन्हा हसले. सगळे नव्हे, पण पुढच्या रांगेतले पोट धरून. क्युरेटर बाई शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती.

अप्पांनी माईक सोडला नाही. त्यांनी समोर पाहिलं, त्यांना दिव्यांमुळे कुणी दिसत नसावं. भाषणाची इंग्रजी सुटली, आणि ते घरच्या कन्नडमध्ये बोलले. "इदराग नगोदु एनैति?" यात हसण्यासारखं काय आहे, एवढंच त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते. त्यांना उत्तर हवं होतं.

त्यावर टाळ्या पडल्या.

मी उठेपर्यंत भाऊ मंचावर पोचला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने अप्पांचा दंड धरला आणि माईकमध्ये म्हणाला, "हे माझे वडील आहेत. हे नट नाहीत. यांनी सांगितलं ते झालेलं आहे. मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

टाळ्या थांबल्या. मला वाटलं, आता कळलं. आणि मग सगळे उभे राहिले आणि त्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की छपराचे पत्रे थरथरले. कुणीतरी शिट्टीही मारली. क्युरेटर बाई रडत होती. बाप-लेकाचं नातं मंचावर असं उघडं करणं किती धाडसाचं आहे, असं तिने नंतर कुठेतरी लिहिलंही. माझ्या भावाने ते मला दाखवलं, तेव्हा आमच्यापैकी कुणालाच हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही तिघे परत निघालो. तुमकूर मागे पडलं. मग अप्पांनी भावाला विचारलं, "पहिल्यांदा बागेतपण असंच होतं का? हसत होते ते?"

"होय, अप्पा."

"आणि तुला माहीत होतं."

"होय."

अप्पांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. भाऊ खिडकीकडे तोंड करून बसला. अप्पांनी डब्यातली इडली काढली, निम्मी त्याच्या हातावर ठेवली आणि न विचारता अण्णाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले. आम्हीही ती कधी पुरती ऐकली नव्हती. अण्णा दरवाजाला तेल कसं घालायचा, पाऊस किती होता, खालच्या वस्तीतले लोक रात्रभर कसे जागे होते.

समोर एक राणेबेन्नूरचा माणूस बसला होता. बियाण्यांचा व्यापारी असावा, कारण पायाशी नमुन्यांच्या पिशव्या होत्या. मोबाइलवर मोठ्याने रील्स बघत होता आणि मला त्याचा राग येत होता. अप्पा दरवाजाच्या गोष्टीपर्यंत आले तेव्हा त्याने मोबाइल बंद केला. गोष्ट संपल्यावर त्याने कन्नडमध्ये विचारलं, "मग त्यांच्या घरच्यांचं काय झालं?"

"मुलगी होती," अप्पा म्हणाले. "नर्स झाली. गदगला असते."

"चांगलं झालं," तो माणूस म्हणाला, आणि राणेबेन्नूर येईपर्यंत ते दोघे पावसाबद्दल बोलत राहिले.

यंदाच्या एप्रिलमध्ये क्युरेटर बाईचा पुन्हा फोन आला होता. फोन भावाने घेतला. आमच्याकडे आंबा उतरवायचं काम चालू आहे, असं त्याने तिला सांगितलं. त्यावर तिने विचारलं की ते काम बघायला लोकांना आणलं तर चालेल का.