जेंडर दीदी मुख्य प्रवाहात

चिडल्या की दीदी आधी पदर खोचायच्या, मग तोंड उघडायच्या. आणि ऑफिसात त्यांना चिडवायला रोज कोणी ना कोणी असायचंच. रायपूरच्या आमच्या संस्थेत बायकांचं काम त्यांच्याकडे, म्हणून त्या सगळ्यांच्या ‘जेंडर दीदी’. वडील रेल्वेच्या नोकरीमुळे विदर्भातून इथे आलेले, त्यामुळे मी मराठी म्हणून माझ्याशी अस्सल नागपुरी बोलायच्या. "नाव भारी ठेवलं, पण चहा सांगाले मलेच धाडते हे लोकं!"

परदेशी पाहुणे यायचे असले की साहेबांचा हुकूम निघे: गावातल्या बायकांना एका रंगाच्या साड्यांत उभं करा, गाणं म्हणायला लावा. दीदी फाडकन विचारायच्या, "काहून? कोनाची वरात आहे?"

जवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांत मजुरीला जाणाऱ्या बायकांना त्यांनी विचारलं, तुम्हाला काय हवंय? सगळ्या म्हणाल्या, पाळणाघर. त्यांतली रमशीला नावाची बाई तर लहानग्या पोरीला लुगड्यानं खाटेला बांधून, दाराला बाहेरून कडी घालून कामाला जायची. ते बघून आल्यावर दीदींनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

मीटिंगमध्ये त्यांनी पाळणाघराचं काढलं. पुण्याहून आलेले आमचे साहेब शांतपणे म्हणाले, "दीदी, तो बालकांचा विषय. जेंडरमध्ये बसत नाही. आपण आत्मविश्वासाचं प्रशिक्षण घेऊ."

"आत्मविश्वास?" दीदींचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला. "पोटच्या पोरीले बांधून कामाले जाते थे बाई! तिले अजून किती हिंमत पाहिजे तुमाले?"

थोड्याच दिवसांत फर्मान आलं: जेंडर आता मुख्य प्रवाहात आणायचं. म्हणजे ते सगळ्यांचंच काम, त्यासाठी वेगळी बाई नको. काय बाई ही हुशारी! बायकांच्या नावानं बाईचीच नोकरी खाल्ली, वर टाळ्याही वाजवल्या. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

निरोपाला शाल-नारळ दिला. दीदींनी नारळ साहेबांच्या पुढ्यात ठेवला. "प्रवाहात लोकं नारळ सोडते, साहेब. तुमी मलेच काहून सोडून राहिले?" त्या ताडताड जिना उतरून गेल्या.

पाळणाघर आजवर झालेलं नाही. काल पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, इथे जेंडर कोण बघतं? साहेब छाती फुगवून म्हणाले, "आम्ही सगळेच!"

माझा तोल सुटला. म्हटलं, "साहेब, रमशीलाची पोरगी या घडीला खाटेला बांधलेली आहे. सगळेच बघता ना? मग तिच्याकडे कोण बघून राहिलं?"